चाकाला लागलेले कुंकू

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या एका फ्लॅटमध्ये, वसुधा यांनी एका जर्मन वाद्याच्या चाकाला तेलात कालवलेले कुंकू लावले. त्यांचा मुलगा प्रणव तेव्हा झोपलेला होता. त्याच संध्याकाळी आठ वाजता तेच वाद्य त्याला भरलेल्या सभागृहात वाजवायचे होते.

वाद्याचे नाव ड्रेलायर. युरोपात ते आठ-नऊशे वर्षे वाजवले जाते. पोट फुगलेली लांबट पेटी, ती मांडीवर आडवी घ्यायची. एका टोकाला हँडल असते. ते फिरवले की आतले लाकडी चाक फिरते आणि तारांना घासते. व्हायोलिनला जे काम गज करतो ते इथे चाक करते. डाव्या हाताने बाजूच्या पट्ट्या दाबल्या की सूर बदलतात. चाकाची कड काचेसारखी गुळगुळीत ठेवून तिच्यावर राळ चोळतात, आणि तारांना चाकापाशी कापूस गुंडाळतात. या कडेला तेल लागले तर चाक फिरत राहते, आवाज मात्र येत नाही.

हे वसुधांना माहीत नव्हते. त्यांना माहीत होते ते एवढेच, की आज खंडेनवमी आहे. त्या मिरजेच्या, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीला लागून वाढलेल्या. तिथे नवमीला सगळी वाद्ये पुसून ओळीने मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मुलाकडे महिनाभरासाठी आल्या होत्या तरी हा नेम चुकवायचे त्यांना कारण दिसले नाही. सहा वाजल्यापासून त्यांनी मिक्सर, कात्री, राइस कुकर, नात ऋग्वेदाची कंपासपेटी आणि सून क्षिप्राचा लॅपटॉप यांची पूजा उरकली होती. लॅपटॉपचे कुंकू कॅमेऱ्याच्या वर लावले होते, म्हणजे मीटिंगमध्ये दिसले नसते.

ड्रेलायर शेवटी घेतली. चाकावर लाकडी झाकण असते. वसुधांनी ते काढले, कारण पूजा झाकणाची करायची नसते.

"यातलं मुख्य काय गं?" त्यांनी ऋग्वेदाला विचारले.

"व्हील, आज्जी. बाबा टर्न्स इट."

वसुधांनी चाकाच्या सपाट बाजूवर एक ठिपका दिला आणि एक बोट कडेवर ओढले. मग सहा वर्षांच्या ऋग्वेदाने, बाबा करतात तसे, हँडल फिरवून दाखवले. त्या एका फेरीत कुंकू कडेवर पुढे पसरले आणि तारांच्या कापसात उतरले.

प्रणव आठ वाजता उठला. हॉलमध्ये झेंडूची माळ घातलेले वाद्य पाहून त्याला आधी बरे वाटले. मग त्याने जवळ बसून चाक पाहिले.

"आई, हे तेल आहे?"

"गोडेतेल. पाण्यातलं कुंकू वाळून झडतं. मागच्या वर्षी शिलाई मशिनचं झडलं होतं."

"चाकाला कोणी तेल लावतं का?"

"मला वाटलं चाकालाच लावतात."

 प्रणव विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक आहे. जहाजांच्या तळाला तेल आणि शेवाळ चिकटू नये असा लेप शोधणे हे त्याचे काम आहे. क्षिप्राने याची त्याला दिवसभरात दोनदा आठवण करून दिली.

त्याने वाद्याकडे हात नेला. वसुधांनी तो धरला.

"आज उचलायचं नाही. पूजा मांडलीये. उद्या सकाळी अक्षता टाकून देते, मग वाजव किती वाजवायचं ते."

"आई, कार्यक्रम आज आहे."

"आज? मला वाटलं सीमोल्लंघन म्हणून मुद्दाम दसऱ्याला ठेवलाय."

"जर्मन लोकांनी?"

"तू सांगितलं असशील त्यांना."

प्रणवने त्यांना तसे काही सांगितले नव्हते. केसेलराबे हा लाइपझिगचा बँड आहे. हेवी मेटल वाजवतो, पण इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला मशकीची बॅगपाइप, शॉम नावाची सनईची थोरली बहीण आणि ड्रेलायर असते. गाणी मध्ययुगीन चालींवर, अंगात कातडी जाकिटे, डोक्याला शिंगे नाहीत. शिंगांबद्दल विचारले की ते चिडतात. पीएचडीसाठी प्रणव लाइपझिगला होता तेव्हा या बँडची ड्रेलायरवादक गुडरून त्याच्या वरच्या मजल्यावर राहायची. आवाजाची तक्रार करायला तो वर गेला आणि चार वर्षांनी स्वतःची ड्रेलायर घेऊन सिंगापूरला आला. इथे शेजाऱ्यांना वाटायचे फ्लॅटमध्ये तोडफोड चालू आहे. समोरचे मिस्टर लिम बरेच दिवस लिफ्टपाशी नूतनीकरणाची नोटीस शोधत होते.

आता गुडरूनने बँड सोडायचे ठरवले होते आणि ती आशियाच्या दौऱ्यावर आली नव्हती. सिंगापूरच्या एका कार्यक्रमापुरते प्रणवला बोलावले होते. पुढचे त्याने घरात अर्धवटच सांगितले होते. ते आता सांगावे लागले.

"आज नीट वाजलं तर ते मला दौऱ्यावर घेणार आहेत. फेब्रुवारीपासून. जर्मनीत. जमलं तर कायमचं, गुडरूनच्या जागेवर."

वसुधांनी हात सोडला. "आणि नोकरी?"

"डिसेंबरला संपतेय. वर्षभर वाढवून देतायत. घ्यायची की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचंय."

"सोमवार?" जेवणाच्या टेबलावरून क्षिप्रा म्हणाली. ती एका बँकेत अकाउंटंट आहे आणि मीटिंगमध्ये होती. "सोमवार कधी ठरला?"

"परवा."

"दौऱ्याचं सांगितलंस. सोमवारचं नाही सांगितलंस."

तिचा माइक चालू होता. मीटिंगमधल्या सहाही जणांनी हे ऐकले, पण त्यांच्यात मराठी कोणालाच येत नव्हते.

वसुधांनी वाद्याकडे पाहिले. "नाव काय म्हणालास बँडचं?"

"केसेलराबे. केसेल म्हणजे कढई. राबे म्हणजे डोमकावळा."

"कढईतला कावळा," वसुधा म्हणाल्या. "आणि त्यासाठी नोकरी सोडायची."

"सोडायची असं कुठे म्हणालो? आधी वाजायला तर पाहिजे."

त्या उठल्या, तांदूळ आणले. "आमच्याकडे नवमीला रेडिओवर कोणाचं गाणं असलं की तंबोरा उठवायचे. तसं चालतं. रोज नाही चालत." अक्षता चिमटीत घेतल्यावर प्रणव पुढे झुकला.

"चाकावर नको."

"आता मला शिकवू नकोस," असे म्हणून त्यांनी अक्षता पाटाच्या कडेला टाकल्या, वाद्य बोटभर हलवले आणि म्हणाल्या, "घे."

सफाईला दुपार गेली. प्रणवने आधी कापूस काढून टाकला. मग अल्कोहोलच्या पट्ट्यांनी कड पुसली, बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुन्हा पुसली. बहुतेक कड कोरडी झाली. चाकाची कड मेपल लाकडाच्या पातळ पट्टीची असते आणि ती वळवून जिथे जोडलेली असते तिथे बारीक फट राहते. तेल तिथे शिरले होते. पुसले की कोरडे दिसायचे, दोन फेऱ्यांनी पुन्हा ओलसर. बोटाच्या एका पेराएवढी जागा राळ धरेना.

सपाट बाजूवरचा कुंकवाचा ठिपका त्याने तसाच ठेवला. त्याचा तारांशी संबंध येत नव्हता.

दुसरी अडचण कापसाची निघाली. तारांना लागणारा लांब धाग्याचा कापूस त्याच्याकडे चिमूटभर उरला होता. औषधाच्या दुकानातला त्याने आणून पाहिला. तो गोळे धरत होता.

"वातींचा चालेल?" वसुधांनी विचारले. त्यांच्या बॅगेत सरकीतून हाताने काढलेला देवकापूस होता, कारण इथला त्यांना पसंत नव्हता.

"किती पातळ करता येईल?"

"वस्त्रमाळ करतो त्याहून पातळ?"

"त्याहून."

त्या तारेपाशी चष्मा लावून बसल्या. अंगठा आणि बोटामध्ये कापूस ओढत त्यांनी एकेका तारेवर तो असा गुंडाळला की तार जेमतेम पांढरी दिसावी. ऋग्वेदा हँडलकडे सरकली.

"हात लावायचा नाही," वसुधा म्हणाल्या.

"यू टचड फर्स्ट लाह, आज्जी."

प्रणवने हँडल फिरवले. आवाज आला, भरलेला आणि किंचित खरखरीत. पण प्रत्येक फेरीत एकदा, डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ, तो तुटत होता.

"जवारी छान आहे, तंबोऱ्यासारखी," वसुधा म्हणाल्या. "उचकी लागतेय मात्र."

चार वाजता तो नदीकाठच्या जुन्या गोदामात पोचला. तिथे आता सभागृह आहे. बँडचा म्होरक्या डेटलेफ गातो आणि बॅगपाइप वाजवतो. वय पन्नाशीच्या पुढे, दाढीची वेणी. त्याची बॅगपाइपही इथल्या दमट हवेमुळे सकाळपासून रुसलेली होती आणि तो तिच्याशी जर्मनमध्ये बोलत होता. तालवादक स्वेन्या लोखंडी पिंपे आणि एक मोठा ढोल वाजवते.

प्रणवने झाले ते जसेच्या तसे सांगितले. आईने वाद्याची पूजा केली, तेल लागले, पेराएवढी जागा मुकी आहे.

"पूजा म्हणजे?" डेटलेफने विचारले.

"वर्षातून एकदा वाद्याचे आभार मानायचे."

डेटलेफने आपल्या बॅगपाइपकडे पाहिले. "हिचे कोणी मानले नाहीत कधी. वाजव."

प्रणवने वाजवले. गिटारवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. स्वेन्या खाली बसून चाकाकडे बघत राहिली.

"लंगडतंय," ती म्हणाली. "पण लंगडणं सारखं आहे. फेरीला एकदा. आवर्तनाला एक फेरी ठेवलीस तर तुझी तूट माझ्या ढोलाखाली येईल. तुला कळतं का, तूट कधी येणार ते?"

प्रणवने कुंकवाचा ठिपका दाखवला. तो वर आला की लगेच तूट यायची.

"झाकण काढून ठेव मग," स्वेन्या म्हणाली.

"पाच गाणी होती," डेटलेफ म्हणाला. "तीन करू. ड्रेलायरशिवाय उरलेली दोन आम्ही पूर्वी वाजवलीयेत." पुढच्या दौऱ्याबद्दल तो काही बोलला नाही. प्रणवनेही विचारले नाही.

आठला सभागृह भरले. काळे टी-शर्ट घातलेली मंडळी शिस्तीत रांग लावून आत आली आणि आत आल्यावर उड्या मारू लागली. क्षिप्रा ऋग्वेदाला खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे ठेवून आली होती. वसुधा नारायणपेठी नेसल्या होत्या. त्यांना मागे बसायला जागा होती, पण तिथून मुलगा दिसेना, म्हणून त्या पुढे गेल्या. मनगटाला खिळ्यांचे पट्टे बांधलेल्या एका मुलाने त्यांना कानात घालायचे बोळे दिले.

"आंटी, ओके ऑर नॉट? हियर व्हेरी लाउड, यू नो."

"माय सन," वसुधांनी बोट दाखवले.

तेवढ्यावर त्यांच्याभोवती हातभर जागा मोकळी झाली आणि शेवटपर्यंत मोकळी राहिली. उड्या मारणारे त्यांना वळसा घालून उड्या मारत होते.

पहिले गाणे ठरल्याप्रमाणे गेले. ठिपका वर आला की प्रणवचा आवाज तुटायचा आणि त्याच क्षणी स्वेन्याचा ढोल पडायचा. ऐकणाऱ्याला वाटावे हे असेच बांधलेले आहे. दुसरेही निभावले. तिसऱ्या गाण्याला प्रकाशयोजनाकाराने रंगमंच लाल केला. आगीचे गाणे होते. लाल उजेडात लाल कुंकू दिसेनासे झाले.

प्रणवने पहिल्या दोन फेऱ्या अंदाजाने काढल्या. तिसऱ्या फेरीत तूट ढोलाच्या आधी आली. चौथीत आणखी आधी. त्याने हँडलचा वेग बदलून ती जागेवर आणायचा प्रयत्न केला, त्याने ती भलतीकडेच गेली. आता पडलो, असे त्याला वाटले. हे त्याने नंतर क्षिप्राला सांगितले. त्याने मान वर केली तेव्हा स्वेन्या त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. तिने ढोल आपल्या जागेवरून सोडला आणि त्याच्या तुटीमागे टाकला. तूट सरकली की ढोल सरकायचा. गिटारवाले आधी गोंधळले, मग तिच्या मागे गेले. डेटलेफने दोन ओळी गायच्या सोडल्या आणि वळून उभा राहिला. गाणे ठरल्यापेक्षा बरेच लांबले. पुढे उभ्या असलेल्यांपैकी काहींनी उड्या थांबवल्या, कारण उडी कुठे मारायची ते कळत नव्हते. मग त्यांनी ती कुठेही मारायला सुरुवात केली.

कार्यक्रमानंतर मागच्या दाराशी केसेलराबेची मंडळी घाम पुसत नारळपाणी पीत होती. वसुधांनी डेटलेफला नमस्कार केला. त्याने कमरेत वाकून तो परत केला आणि दाढीची वेणी त्याच्याच शहाळ्यात बुडाली.

"विचार त्यांना, कसं झालं," वसुधा प्रणवला म्हणाल्या.

"आई, असं विचारत नाहीत."

"मग कळणार कसं?"

डेटलेफला विचारायची गरज पडली नाही. "ते तिसरं गाणं," तो म्हणाला. "ते पुन्हा होईल?"

"ते चुकलेलं होतं," प्रणव म्हणाला. "लाल उजेडात ठिपका दिसला नाही."

"ते कळलं मला. पुन्हा होईल का, ते विचारतोय."

"चाक असंच राहिलं तर होईल. पण ते बिघडलेलं आहे. दुरुस्त करायला हवं."

"दुरुस्त केलंस तर तू गुडरूनसारखा वाजवशील," डेटलेफ म्हणाला. "गुडरूनसारखं वाजवणारे लाइपझिगमध्ये तीन जण आहेत, मी त्यांना फोन करू शकतो." त्याने शहाळे संपवले. "कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालंय. सगळे ऐकतील, मग ठरवू. तोपर्यंत चाकाला हात लावू नको."

गाडीत वसुधांनी तो काय म्हणाला ते सांगायला लावले.

"म्हणजे कुंकवामुळे घेणार?"

"घेणार असं म्हणाला नाही."

"नाही असंही नाही म्हणाला," वसुधा म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ढोल वाजवणारी मुलगी कुठली?"

"लाइपझिगचीच."

"ती खरी वाजवते. तुला सांभाळून घेत होती." यावर प्रणव हो म्हणाला.

दसऱ्याला केसेलराबेची मंडळी ओसाकाला गेली. त्याच दिवशी प्रणवने चाकाचे फोटो लाइपझिगच्या कारागीर बाईंना पाठवले. वाद्य त्यांनीच बनवलेले होते. शुक्रवारी त्यांचे उत्तर आले. तेल जोडाच्या फटीतून पट्टीच्या आत उतरते आहे. कड आत्ताच लेथवर धागाभर तासली तर चाक पहिल्यासारखे होईल. थांबलात तर तेल पसरत जाईल आणि मग चाक बदलावे लागेल, आणि नवीन चाकाला त्यांच्याकडे वर्षभराची रांग आहे. शेवटी त्यांनी विचारले होते, की तेल नेमके कोणी लावले. प्रणवने ते उत्तर अजून लिहिलेले नाही.

विद्यापीठाच्या कार्यशाळेत लेथ आहे. प्रणवने सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतली. नोकरीबद्दल कळवायचेही सोमवारीच आहे.

"तू आधी एकच ठरव," क्षिप्रा शनिवारी म्हणाली. "चाक की नोकरी."

"दोन्ही एकच आहे."

"तसं नाहीये. चाक तासलंस आणि नोकरी घेतलीस, तर ते एक. चाक तासलंस आणि तरी त्यांनी बोलावलं, तर ते वेगळं. चाक ठेवलंस, नोकरी घेतली नाहीस आणि त्यांनी नाही बोलावलं, तर तुझ्याकडे दोन्ही नाही." अकाउंटंटच्या शिस्तीने तिने हे भाजी चिरता चिरता सांगितले. "आणि मला विचारशील तर मी फेब्रुवारीत रजा काढू शकते. मार्चमध्ये नाही."

"तू हो म्हणतेयस?"

"मी मार्चमध्ये नाही म्हणतेय."

त्या दिवशी त्याने डेटलेफला निरोप पाठवला: सोमवारी दहाला चाक लेथवर जाईल, त्याआधी काय ते कळव. निरोपापुढे पोचल्याच्या दोन राखाडी टिका आल्या; वाचला की त्या निळ्या होतात. नंतर स्वेन्याचा एक निरोप आला. त्यात तिसऱ्या गाण्याचा तुकडा होता आणि खाली एवढेच लिहिले होते, की बसमध्ये दोनदा ऐकले, बेस गिटार वाजवणाऱ्याला पटलेले नाही.

रविवारी संध्याकाळी प्रणवने चाक पुन्हा तपासले. मुकी जागा पेराहून थोडी मोठी झाली आहे. वसुधा शेजारी बसून नव्या कापसाची वळी करत होत्या. लागला तर असावा म्हणून.

"ती जागा कमी पडतेय का त्यांना?" त्यांनी विचारले. "म्हणजे, लावू अजून थोडं?"

"आई."

"विचारलं फक्त."

रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत लेथची वेळ रद्द केलेली नव्हती. विद्यापीठाला लिहिलेला मेल मसुद्यात होता. डेटलेफच्या निरोपापुढच्या दोन टिका अजून निळ्या झालेल्या नाहीत.